बिग बँड ऐकायचाय? मग पायापासून सुरुवात करा

पहिल्यांदा बिग बँड जॅझ (डझनभर किंवा जास्त वादकांच्या ताफ्याने वाजवलेला जॅझ) ऐकणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: सगळे एकदम वाजवतायत, लक्ष द्यायचं कुणाकडे? माझीही तीच होती. एका मित्राने मोबाइलच्या स्पीकरवर एक तुकडा ऐकवला आणि अर्ध्या मिनिटात मी निकाल देऊन टाकला, "हे तर कार्टूनमधल्या उंदरा-मांजराच्या पळापळीचं संगीत." पुढे वर्षभर त्या वाटेला गेलो नाही. चूक माझ्या कानांची नव्हती. त्या इवल्याशा स्पीकरमधून ट्रम्पेट्स तेवढी बाहेर आली होती. ती ज्यांच्या खांद्यावर उभी असतात ते चौघे आतच अडकले होते.

ते चौघे म्हणजे पियानो, गिटार, बास (खालच्या सुरांचं उंच तंतुवाद्य) आणि ड्रम्स. बिग बँड ऐकायचा तो या चौघांपासून वर, पायापासून डोक्याकडे. उलट्या दिशेने गेलात तर नुसता गोंगाट ऐकू येईल.

पाठीमागची गोष्ट थोडक्यात सांगतो. स्विंगचा, म्हणजे झुलत्या लयीच्या या बिग बँड संगीताचा, काळ म्हणजे साधारण 1935 ते दुसऱ्या महायुद्धाची अखेर. 21 ऑगस्ट 1935 ला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडवर तरुण पोरं तुटून पडली, तिथून या काळाची सुरुवात धरायची पद्धत आहे. पद्धत म्हणतो, कारण गुडमन ज्या लिखित मांडण्या (कुठलं वाद्य कधी काय वाजवणार याचे कागद) वाजवत होता त्यांतल्या कितीतरी फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णी संगीतकाराच्या होत्या आणि हेंडरसनचा स्वतःचा बँड ते काम कित्येक वर्षं आधीपासून करत होता. 'किंग ऑफ स्विंग' ही पदवी मात्र गोऱ्या गुडमनला मिळाली. दुसरं म्हणजे, हे नाचाचं संगीत आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये (1926 ते 1958) एकाला लागून एक अशी दोन व्यासपीठं होती. एक बँड थांबला की दुसरा सुरू, म्हणजे नाचणाऱ्यांचे पाय थांबायला नकोत. खुर्चीत ताठ बसून, हनुवटीला हात लावून ऐकण्यासाठी हे कुणी वाजवलेलं नाही.

पायरी पहिली: एकच रेकॉर्ड निवडा

पंचवीस गाण्यांची यादी करू नका. एकच घ्या: पियानोवादक काउंट बेसीच्या बँडची 'वन ओक्लॉक जंप', 7 जुलै 1937 ला न्यूयॉर्कमध्ये डेका कंपनीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण. साल नीट बघून घ्या, कारण बेसीने ही धून पुढे आयुष्यभर वाजवली आणि तिची डझनावारी मुद्रणं सापडतील. धुनेचं मूळ नाव रेडिओवर उच्चारण्याजोगं नव्हतं. निवेदकाने नाव विचारलं तेव्हा घड्याळात रात्रीचा एक वाजत आला होता, म्हणून हे नाव. तुम्ही पुण्यात असाल तर दुपारचा एक टाळा, एवढंच सांगतो.

स्पीकर मध्यम आकाराचा हवा, आणि एक असला तरी पुरतो. त्या काळी सगळं मोनोमध्येच मुद्रित होत असे, त्यामुळे दोन स्पीकर लावले तरी दोन्हींतून तेच येणार. जुनं मुद्रण 'स्टीरिओ केलंय' असं लिहिलेलं असेल तर ते शक्यतो सोडा. त्यात बँड न्हाणीघरात वाजवतोय असं वाटतं. बासचं बटणही पिरगाळू नका. आवाज इतका ठेवा की शेजारच्याशी बोलायला तुम्हाला जरा सूर चढवावा लागेल.

सुरुवातीला खरखर ऐकू येईल. कढईत मोहरी पडण्याआधी तेल चुरचुरतं ना, तशी. ती जुन्या तबकडीची आहे. दहा इंची, मिनिटाला 78 फेरे घेणारी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावणारी ही तबकडी लाखेपासून बनायची, आणि ती लाख मोठ्या प्रमाणात आपल्याकडच्या जंगलांतून तिकडे जायची. या संगीतात आपलाही एवढा वाटा आहे म्हणा. अर्ध्या मिनिटात कान ती खरखर आपोआप बाजूला सारतो.

पायरी दुसरी: चपला काढा

खरंच काढा. अनवाणी पाय फरशीवर ठेवा आणि पहिल्या वेळी सुरावटीकडे साफ दुर्लक्ष करा. फक्त बास शोधा. वॉल्टर पेज नावाचा माणूस माणसाएवढ्या उंच वाद्याच्या तारा बोटाने ओढतोय. एक-दोन-तीन-चार, प्रत्येक मात्रेला एक सूर, जिना चढल्या-उतरल्यासारखा. त्याच्याबरोबर पाय टेकवत राहा. बास सापडत नसेल तर ओठ मिटून खालच्या सुरात गुणगुणून बघा. आपला आवाज त्याच्या आसपास गेला की तो एकदम उघड होतो.

आता टाळी. इथे आपल्या माणसाची हमखास गोची होते. आरती असो की भजन, जोराची टाळी समेवर द्यायची सवय आपल्या हाडीमांसी भिनलेली. इथे समेवर पाय ठेवायचा आणि टाळी किंवा चुटकी द्यायची दोनवर आणि चारवर. एक आणि तीनवर टाळ्या दिल्यात तर हीच धून शाळेच्या कवायतीसारखी वाटेल. दोन-चारवर आलात की गुडघे आपोआप सैल पडतात. पहिले दोन दिवस जमणार नाही. रेकॉर्ड न लावता, बसस्टॉपवर उभ्या उभ्या सराव करा. लोक बघतील, बघू द्या.

यानंतर 'स्विंग' म्हणजे नेमकं काय ते कळायला लागतं. एका मात्रेचे दोन भाग पडतात, पण समान नाही. पहिला लांबतो, दुसरा घाईने पुढच्याच्या अंगावर येतो: दाऽद-दाऽद-दाऽद, घोड्याच्या दुडक्या चालीसारखं. तबला शिकलेल्यांनी मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन धरून ठेवावेत आणि तिसरा म्हणावा, जवळपास पोचाल. नेमके पोचणार नाही, कारण हे प्रमाण लयीप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतं. कागदावर ते सरळ समान लिहिलेलं असतं आणि वाजवणाऱ्याने ते झुलवायचं असतं.

हा झुला सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो तो जो जोन्सच्या हाय-हॅटवर. हाय-हॅट म्हणजे उभ्या दांडीवर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजा. पायाने उघडमीट करायची आणि वरून काठीने वाजवायची. त्सऽऽ त्स-ट त्सऽऽ त्स-ट. आधीचे ड्रमर लय धरायला पायातल्या मोठ्या ड्रमवर धप्प धप्प करायचे. जोन्सने ती जबाबदारी प्रामुख्याने या झांजांवर आणली आणि बँडखालची जमीन एकदम हलकी झाली. झांजेचा तो 'त्सऽऽ' मला नेहमी उन्हात वाळूवरून ओसरणाऱ्या लाटेसारखा वाटतो.

आणि तिसरा, गिटारवाला फ्रेडी ग्रीन. त्याच्या गिटारला विजेची जोड नाही आणि त्याने एकल वाजवण्याची हावही धरली नाही. प्रत्येक मात्रेला एक झटका, चार मात्रांना चार, बस. 1937 साली तो बँडमध्ये आला आणि 1987 साली वारला तोवर तिथेच होता, म्हणजे खुद्द बेसी गेल्यावरही. त्याची गिटार वरणातल्या हिंगासारखी आहे. दिसत नाही, पण बासच्या सुराला जी लाकडी धार आल्यासारखी वाटते ती त्याची.

पायरी तिसरी: आवर्तनं मोजा

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला ही पायरी फार सोपी जाईल, कारण सगळा मामला आवर्तनाचा आहे. 'वन ओक्लॉक जंप' हा बारा मापांचा ब्लूज, म्हणजे जॅझमधला एक ठरलेला साचा. प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन, या लयीत साधारण सोळा-सतरा सेकंदांचं. छोट्या पियानो-प्रस्तावनेनंतर अशी दहा आवर्तनं येतात. बोटांवर मोजा, हातांची दहा बोटं बरोबर पुरतात.

पहिली दोन बेसीच्या पियानोची. मग धुनेचा आधारसूर बदलतो. तांत्रिक नाव माहीत नसलं तरी खोलीतला दिवा बदलल्यासारखं जाणवेल. तिसऱ्यात हर्शेल इव्हान्सचा टेनर सॅक्सोफोन, चौथ्यात जॉर्ज हंटचा ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं फुंकवाद्य), पाचव्यात पुन्हा टेनर सॅक्सोफोन, पण आता लेस्टर यंगचा.

इथे थांबा आणि तिसरं व पाचवं आवर्तन पाठोपाठ तीन-चारदा ऐका. वाद्य तेच, धून तीच, बँड तोच. इव्हान्सचा सूर काकवीसारखा: दाट, गोड, शेवटाला थरथरणारा, चमच्यावरून हळूहळू सुटणारा. यंगचा सूर ताकासारखा: पातळ, थंड, किंचित आंबूस, थरथर जवळजवळ नाहीच. यंग मात्रेच्या जरा मागे रेंगाळतो, जणू बाकीच्यांना पुढे जाऊ देतोय. हा फरक जिभेवर आला की समजा बिग बँडमधली 'माणसं' तुम्हाला ऐकू येऊ लागली. इव्हान्स 1939 च्या सुरुवातीलाच वारला. त्यामुळे ही जोडी ऐकायला मिळते ती मोजक्याच तबकड्यांवर.

सहाव्यात बक क्लेटनचं ट्रम्पेट. आणि सातवं? सातव्यात बहुतेक नवखे ऐकणारे चुळबुळ करतात, कारण तिथे 'काहीच होत नाही'. मला विचाराल तर अख्ख्या रेकॉर्डमधले सर्वांत चविष्ट सोळा सेकंद हेच. फुंकून वाजणारी सगळी वाद्यं बंद होतात, पायातले चौघेच उरतात. बेसी वरच्या पट्टीत एक टिकली लावतो, थांबतो, आणखी दोन लावतो. मधल्या रिकाम्या जागेत बास पावलं टाकत राहतो, झांजा सळसळत राहतात, आणि कान देऊन ऐकलंत तर फ्रेडी ग्रीनची गिटारही पहिल्यांदा सापडते. तेरा जणांचा बँड, आणि मालक स्वतः सगळ्यात कमी वाजवतोय!

मग शेवटची तीन. आठव्या आवर्तनापासून बँड रिफ रचायला लागतो. रिफ म्हणजे एक-दोन मापांचं छोटं बोलकं वाक्य, पुन्हा पुन्हा म्हटलेलं. सॅक्सोफोन एक वाक्य म्हणतात, ट्रॉम्बोन दुसरं, ट्रम्पेट्स तिसरं. तिन्ही वाक्यं एकमेकांच्या फटींत अशी बसतात की भांडण वाटत नाही, एकाच घरातला संवाद वाटतो. यासाठी कुणी कागद लिहून समोर ठेवला नव्हता. कॅन्सस सिटीच्या या मंडळींनी रात्र रात्र वाजवत ते तोंडी बसवलेलं होतं.

ऐकताना हे शरीरावर कुठे उतरतं ते बघा. ट्रॉम्बोन छातीच्या पिंजऱ्यात गुरगुरतात, सॅक्सोफोन गळ्याशी, ट्रम्पेट्स थेट कपाळावर. खाली पाय अजून चालतोच आहे. एवढं सगळं एकदम जाणवलं तर पहिल्या आठवड्याचं काम झालं.

पायरी चौथी: आवाजाचं बटण सोडा

पुढची रेकॉर्ड ग्लेन मिलरची 'इन द मूड', 1 ऑगस्ट 1939. सुरावट तुम्ही कुठेतरी ऐकलेली असणारच. जॅझचे कडवे भक्त मिलरचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्यांचं थोडं खरंही आहे, मिलरचा बँड इस्त्री केलेल्या शर्टासारखा कडक वाजतो आणि बेसीचा ढिलेपणा तिथे औषधालाही नाही. पण आवाजाचा चढउतार शिकायला याच्यासारखा मास्तर नाही.

शेवटाकडे मुख्य रिफ पुन्हा येते. मग पुन्हा, जरा हळू. मग पुन्हा, आणखी हळू, पलीकडच्या खोलीत गेल्यासारखी. पहिल्यांदा ऐकताना मी मूर्खासारखा उठलो आणि आवाज वाढवला. दुसऱ्याच क्षणी अख्खा बँड पूर्ण ताकदीने कोसळला. हातातला चहा लुंगीवर, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "अरे, काय पाडलंस?" तेव्हा बटणाला हात लावू नका. आवाज लहान होत जातो तसे तुम्ही नकळत पुढे झुकता, श्वास धरता. बँडला तेच हवं असतं.

पायरी पाचवी: ट्रम्पेट बोलतं ते कसं

ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये कूटी विल्यम्सचं ट्रम्पेट किंवा 'ट्रिकी सॅम' नॅन्टनचा ट्रॉम्बोन ऐकलात तर वाद्य वाजतंय की कुणी माणूस कुरकुरतोय असा प्रश्न पडेल. वाऽवाऽ, याऽया, मध्येच गुरगुर. उपकरण अगदी घरगुती आहे: सिंक तुंबलं की प्लंबर जो रबरी वाटीचा दट्ट्या दाबतो, त्याची वाटी. डाव्या हाताने ती वाद्याच्या तोंडावर उघडझाक करायची. गुरगुर येते ती फुंकता फुंकता घशातून आवाज काढल्याने. घरी अनुभव घ्यायचा तर 'आऽऽ' म्हणत तोंडासमोर तळहाताची वाटी उघडा-मिटा. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि एकदा केला की कान ते आवाज पटकन ओळखतो.

एलिंग्टन 1963 साली बँड घेऊन भारतात येऊन गेला. त्या दौऱ्यातून पुढे जी संगीतमाला झाली तिच्यात दिल्लीतल्या एका पाखराच्या शिळेवर रचलेला तुकडा आहे. पण तो नंतरचा एलिंग्टन. सुरुवात 1940-41 च्या मुद्रणांपासून करा. बेन वेबस्टरच्या सॅक्सोफोनसाठी 'कॉटन टेल', रे नान्सच्या ट्रम्पेटसाठी 'टेक द ए ट्रेन'.

पायरी सहावी: बारा मिनिटं उभं राहून

आता मोठा घास. 16 जानेवारी 1938, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, बेनी गुडमनचा बँड, 'सिंग, सिंग, सिंग'. अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या त्या दालनात नाचाचा बँड वाजवणार म्हणून बऱ्याच भुवया उंचावल्या होत्या. बेसी आणि त्याच्या व एलिंग्टनच्या बँडमधले काही वादकही त्या रात्री मंचावर आले. गोरे आणि कृष्णवर्णी वादक एका मंचावर, हे त्या काळच्या अमेरिकेत गृहीत धरण्यासारखं नव्हतं. सॅव्हॉय जिथे होतं त्याच हार्लेममधल्या कॉटन क्लबात वाजवणारे कृष्णवर्णी आणि ऐकणारे फक्त गोरे असा खाक्या होता. ही मैफल तबकडीवर बाजारात आली ती मात्र 1950 साली.

हे ऐकताना उभे राहा. ड्रमर जीन क्रुपा टॉम-टॉमवर (ड्रम-संचातल्या खोल आवाजाच्या ढोलांवर) जे सुरू करतो ते गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथक जवळ येतं तसं येतं: कानाआधी पोटाला कळतं. ट्रम्पेट्स त्यावर किंचाळतात, गुडमनचं क्लॅरिनेट वर वर चढत टोकाला जातं आणि तुम्हाला वाटतं, संपलं. तेव्हा पियानोवाला जेस स्टेसी सुरू होतो. त्या गदारोळानंतर जणू देवघरात बसून वाजवतोय, इतका हळुवार. क्रुपाचे हात खाली येतात, पण थांबत नाहीत. त्या दोन मिनिटांत पाय आपोआप हलायचा मंद होतो आणि मानेवर काटा येतो. त्याआधीची नऊ-दहा मिनिटं न ऐकता थेट इथे उडी मारलीत तर काहीही होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पायरी सातवी: मुंबईचा फेरा

इतकं झाल्यावर आपल्या जुन्या गाण्यांकडे या. कान बदललेला कळेल. 1935 साली लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णी अमेरिकन बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्यानंतर शहरातल्या हॉटेलांत ही लय रुजली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांच्या हातांनी. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली ही माणसं. हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवायचा आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेचा नामवंत जॅझ ट्रम्पेटवादक) म्हणवला जायचा. रात्री हॉटेल, दिवसा सिनेमाचा स्टुडिओ.

त्याला हाताशी घेणारा संगीतकार आपला पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. 'शहनाई' (1947) आणि 'अलबेला' (1951) यांची गाणी पुन्हा लावा, पण या वेळी गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. दोन ओळींच्या मधल्या फटीत वाद्यं काय उत्तर देतात ते ऐका, आणि चुटकी दोन-चारवर बसते का ते करून बघा. काही ठिकाणी बसेल, काही ठिकाणी ठेका लॅटिन अमेरिकी निघेल आणि चुटकी घसरेल. घसरली की कुठे घसरली ते लक्षात ठेवा, तोही अभ्यासच.

आणि कधी समोरासमोर ऐकायला मिळालं तर

अगदी मध्यात पहिल्या रांगेत बसू नका. ट्रम्पेट्सचा झोत थेट तुमच्या तोंडावर येईल. चार-पाच रांगा मागे, ड्रम्स जिकडे असतील त्या बाजूला बसा, म्हणजे हाय-हॅट आणि बास दोन्ही मिळतील. कान नाजूक असतील तर कापसाचा बोळा खिशात असू द्या, पण सुरुवातीलाच घालू नका. रेकॉर्डमध्ये न मिळणारी गोष्ट म्हणजे हवा. चार ट्रॉम्बोन एकदम फुंकले की सदऱ्याचं कापड छातीवर थरथरतं. शिवाय सॅक्सोफोनवाल्यांचा एकत्र घेतलेला श्वास ऐकू येतो, सुराच्या निमिषभर आधी.

धून संपली की टाळ्या वाजवता वाजवता ट्रॉम्बोनच्या रांगेकडे बघा. वादक सरकत्या नळीच्या टोकाची बारीक चावी दाबून पाणी जमिनीवर सोडत असतात. बघून तोंड वाकडं करू नका. ती थुंकी नाही, श्वासातली वाफ गार धातूला लागून झालेलं पाणी आहे. वेगाच्या दोन-तीन धुना सलग झाल्या असतील तर त्यांच्या पायाशी छोटं थारोळं साचलेलं दिसेल.